डिजिटल माध्यम : तंत्र आणि कलादृष्टी
डिजिटल माध्यमात निर्मिती यंत्र करते, म्हणून ती कला नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. कोल्हापूरच्या कलापरंपरेच्या संदर्भात तो तपासणे आवश्यक ठरते. चित्रकार बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी कर्जबाजारी शेतकऱ्याचे वास्तव चित्रित केले. कॅमेरा यंत्रच होता. काय दाखवावे आणि काय गाळावे, हा निर्णय मात्र कलावंताचा होता. संगणकावरील निर्मितीलाही हाच निकष लावला पाहिजे. तयार साच्यातून छापलेला चौकातील फ्लेक्स तंत्राचा केवळ वापर असतो. निवडीमागे जीवनदृष्टी असेल, तेव्हाच डिजिटल प्रतिमा कलाकृती ठरते. समीक्षेने या दृष्टीचीच चिकित्सा करणे अगत्याचे आहे.