कासवाची पिल्ले पोसून सोडावीत का?

यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरब हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तेथील वर्गातही सागरी कासवांविषयी शिकवताना एक प्रश्न सहज निघू शकतो : हजारो पिल्लांतून एखादेच मोठे होते, मग ती टाकीत वाढवून, धष्टपुष्ट करून का सोडत नाहीत? प्रश्न भाबडा नाही. अमेरिकेत नेमका हाच प्रयोग झाला. तो आपण तपासून पाहू.

1978 ते 1992 या काळात केम्प्स रिडले या दुर्मिळ कासवांची अंडी, आणि पुढे पिल्ले, मेक्सिकोतून टेक्सासमध्ये आणली गेली. पिल्ले एकमेकांना चावतात, म्हणून प्रत्येकाला वेगळे ठेवले. पाण्यावर तरंगणारे गोळीखाद्य देऊन सुमारे वर्षभर वाढवले आणि समुद्रात सोडले. काही ग्रॅमचे पिल्लू किलोच्या घरात गेले. आहारशास्त्राचा प्रयोग म्हणून हे यश मान्य करायलाच हवे. कारण हे काम सोपे नाही : नुसते काटे काढलेले मासे दिले तर कॅल्शियम कमी पडून कवच मऊ राहते, काही जातींचे गोठवलेले मासे सतत दिल्यास 'ब-1' जीवनसत्त्वाची कमतरता होते.

आमचा आक्षेप मोजमापाला आहे. वजन ही मत्स्यशेतीची कसोटी झाली. संवर्धनाची कसोटी म्हणजे मादीने परत येऊन अंडी घालणे. वीस हजारांहून अधिक पिल्ले सोडल्यावर अशा मादीच्या घरट्याची टेक्सासमध्ये पहिली नोंद झाली ती 1996 साली. शिवाय 1987 मध्ये लॉगरहेड कासवांवरील एका गणिती अभ्यासाने दाखवले होते की, सगळी अंडी वाचवली तरी मोठी कासवे जाळ्यात मरत राहिली तर संख्या घटतच जाते. म्हणजे कासवांना बाहेर पडायला वाट ठेवणारे ट्रॉल जाळे हे पौष्टिक गोळीहून मोलाचे.

आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे 2002 पासून ऑलिव्ह रिडलेच्या अंड्यांचे संरक्षण होते. पिल्ले बाहेर आली की ती समुद्रात सोडतात. खाऊ घालत नाहीत. यात निष्काळजीपणा नाही. अंड्यातील उरलेला बलक पिल्लाच्या पोटात असतो. किनाऱ्यापासून दूर पोहून जाण्याची ही शिदोरी. म्हणूनच कोठेही प्रेक्षकांच्या सोयीसाठी पिल्ले टोपलीत ताटकळत ठेवली, तर ती तेथेच धडपडून ही शिदोरी संपवतात.

जखमी कासवाला पोसणे वेगळे. तेथे या प्रयोगांतून मिळालेले ज्ञान उपयोगी पडते. निरोगी पिल्लाला मात्र आपल्या घासाची गरज नाही. वर्गात हा प्रयोग सांगताना शिक्षकांनी एवढेच विचारावे : पिल्लाचे वजन वाढले, यावरून काय सिद्ध झाले, आणि काय व्हायचे राहिले?