‘७७७’ हा उपाय नव्हे

युनिक्सच्या घराण्यातील संगणकप्रणालींबद्दल (लिनक्स ही त्यांपैकीच) एक तक्रार नेहमी ऐकू येते : संगणक अडवतो, पण का अडवले ते सांगत नाही. ही तक्रार निम्मी खरी आहे. तिच्यावर सुचवला जाणारा रूढ उपाय मात्र पूर्ण चुकीचा आहे, असे आम्हांला वाटते.

नाव चुको वा पासवर्ड, संगणक ‘लॉगिन इनकरेक्ट’ एवढेच म्हणतो. नाव बरोबर असल्याचे त्याने सांगितले, तर पासवर्ड ताडून पाहणाऱ्या चोराचे निम्मे काम होईल. म्हणून हे मौन योग्यच आहे.

‘परमिशन डिनाइड’ या संदेशाचे तसे नाही. येथे माणसाची ओळख पटलेली असते. प्रश्न असतो तो परवानगीचा. प्रत्येक फाइलला मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचणे (४), लिहिणे (२) व चालवणे (१) या परवानग्या असतात. ६४० म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येईल, गटाला फक्त वाचता येईल, इतरांना काहीच नाही. पण फाइल सर्वांना खुली असली, तरी तिच्या वाटेवरील एखाद्या फोल्डरमध्ये शिरण्याची मुभा नसेल तर ती उघडत नाही. वाट नेमकी कुठे अडली, हे संदेशात येत नाही. हा दोष मान्य केलाच पाहिजे.

एक परिचित उदाहरण घेऊ. पासवर्ड बरोबर असूनही पडदा क्षणभर काळा होतो आणि लॉगिनची चौकट पुन्हा समोर येते. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट व एफ३ ही बटणे एकत्र दाबून अक्षरांच्या पडद्यावर जावे. तेथे तोच पासवर्ड चालला, तर ओळखीत चूक नाही हे सिद्ध झाले. डिस्क भरली नसेल, तर घरच्या फोल्डरमधील ‘.एक्सऑथॉरिटी’ ही फाइल पाहावी. एखादा चित्रमय प्रोग्राम रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, नावाने चालवला गेला असेल, तर तिची मालकी रूटकडे गेलेली आढळते. ‘सीएचओन’ या आज्ञेने ती परत केली की काम झाले.

येथे रूढ सल्ला काय मिळतो? ‘सीएचमॉड ७७७ करा’, म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या द्या. काही वेळा याने काम चालते, आणि हाच त्यातला धोका आहे. मूळ प्रश्न मालकीचा होता, तो तसाच राहतो. वर एकाची फाइल दुसरा बदलू शकतो. हाच उपाय सबंध डिस्कवर केला, तर ‘सुडो’च्या फाइलवरील, मालकाच्या अधिकाराने चालण्याची खास खूण पुसली जाते आणि दुरुस्तीचे साधनच बंद पडते. सर्व दारे उघडणाऱ्याच्या हातून नेमकी किल्ली हरवते!

विद्यार्थ्यांना आज्ञा पाठ करायला लावण्यापेक्षा तीन प्रश्न विचारायला शिकवावेत : मी कोण म्हणून आत आलो आहे? ही वस्तू कोणाची आहे? वाट कुठे अडली? पहिल्याचे उत्तर ‘आयडी’ ही आज्ञा देते, दुसऱ्याचे ‘एलएस -एल’, तिसऱ्याचे ‘नेमआय -एल’. संदेश अपुरा असला, तरी निदान न करताच औषध देण्याचे ते कारण होऊ शकत नाही.