सांधा दिसत नाही, म्हणून चूक नाही असं नाही

पीएचडीच्या मुलाखतीत 'वाचलेल्या एखाद्या पेपरवर टीका करा' असं सांगितलं की बरेच जण सारांश सांगून मोकळे होतात. टीका म्हणजे उणीदुणी काढणं नव्हे. निष्कर्ष कुठल्या गृहीतकावर उभा आहे आणि ते कुठे डळमळतं, हे दाखवायचं असतं. आज हे एका गाजलेल्या पेपरवर करून बघू: मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांचा २००७ चा, फोटो जोडून पॅनोरमा बनवण्याचा पेपर. 'ऑटोस्टिच' हे सॉफ्टवेअर याच कामातलं.

आधी पद्धत. प्रत्येक फोटोतून 'सिफ्ट' बिंदू काढायचे. फोटो फिरला, लहान-मोठा झाला तरी हे बिंदू ओळखू येतात, कारण प्रत्येकाला १२८ आकड्यांची ओळख असते. या ओळखी जुळवून जोड्या लावायच्या. चुकीच्या जोड्या 'रॅन्सॅक' गाळतं: कुठल्याही ४ जोड्या उचला, त्यांवरून होमोग्राफी काढा, बाकी किती जोड्या तिच्याशी जुळतात ते मोजा. असं ५०० वेळा. निम्म्या जोड्या बरोबर असतील तर चारही बरोबर येण्याची शक्यता १६ मध्ये १, म्हणजे ५०० वेळांत एकदाही न येण्याची शक्यता जवळपास शून्य. नंतर सगळ्या कॅमेऱ्यांची दिशा आणि फोकल लेंग्थ एकत्र सुधारायची आणि शेवटी सांधे मिटवायचे.

श्रेय द्यायलाच हवं. फोटोंचा क्रम सांगावा लागत नाही. सरमिसळ ढीग दिला तरी कुठले फोटो एका दृश्याचे आहेत, हे ही पद्धत स्वतः ओळखते आणि भलते फोटो बाजूला काढते.

आता खटकणाऱ्या जागा.

पहिली: कॅमेरा फक्त स्वतःभोवती फिरतो, जागा बदलत नाही, असं धरलंय. हातात धरून फोटो काढताना कॅमेरा सहज १० सेंमी सरकतो. ४००० पिक्सेल रुंद, ६० अंशांचा फोटो घ्या. २ किमीवरचा डोंगर या सरकण्याने पाव पिक्सेलही हलत नाही, पण २ मीटरवरचा दगड सुमारे १७० पिक्सेल हलतो. म्हणजे कोकणकड्यावरून दूरच्या रांगा छान जुळतील आणि पायाशी असलेली कड तुटेल. ही मर्यादा लेखकांनी पुढच्या कामाच्या यादीत स्वतःच लिहिली आहे. तो भाग वाचायचा सोडू नका.

दुसरी: दोन फोटो खरंच जुळले का, याची कसोटी. सामाईक भागात जितके बिंदू, त्याच्या ०.३ पट अधिक ८, यापेक्षा जास्त जोड्या जुळल्या की पास. २०० बिंदू असतील तर ६८ च्या वर. हे सूत्र प्रत्येक जोडी स्वतंत्र आहे असं मानून काढलंय. निसर्गदृश्यात तसं नसतं. ७० च्या ७० जोड्या कोपऱ्यातल्या एकाच कातळावर असू शकतात, आकाशात एकही नाही. कसोटी संख्या मोजते, बिंदू कसे पसरलेत ते बघत नाही. फोटो खरोखर एकाच दृश्याचे असतील, पण कातळापासून दूरची जुळणी हा निव्वळ अंदाज असतो.

तिसरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: सांधे मिटवणं. बर्ट आणि अडेलसन यांच्या १९८३ च्या पद्धतीने ढोबळ छटा रुंद पट्ट्यात आणि बारीक तपशील अरुंद पट्ट्यात मिसळतात. फोटो सुंदर दिसतो. पण जुळणीतली छोटी चूकही त्यात झाकली जाते. म्हणून अंतिम चित्र डोळ्यांना निर्दोष वाटलं, हा जुळणी अचूक असल्याचा पुरावा होत नाही.

भिंतीवर लावायच्या फोटोसाठी एवढं चालतं. तुम्ही मात्र दरड किती सरकली किंवा जंगलाची कड किती मागे गेली हे पॅनोरमावर मोजणार असाल, तर सांधे मिटवण्याआधीची जुळणी बघा, शिल्लक चूक पिक्सेलमध्ये नोंदवा आणि मोजमाप शक्यतो मूळ फोटोवर घ्या.

कुठलाही पेपर हातात घेतलात की हे तीन प्रश्न विचारा: काय धरून चाललेत? कसोटी नेमकं काय मोजते? आणि शेवटच्या देखण्या आकृतीत काय झाकलं गेलंय? मुलाखतीत एवढं सांगता आलं, तर तुम्ही पेपर नुसता वाचलेला नाही, तपासलाय, हे समोरच्याला लगेच कळतं.