पांढरी पेटी आणि फुकटचा रसिक

आज आपल्या घरांतील मुले ज्या जपानी चित्रमालिका ‘ॲनिमे’ या नावाने आवडीने पाहतात, त्यांच्याशी आपली पिढीही अगदीच अपरिचित नाही. १९९३ साली दूरदर्शनवर हिंदीतून आलेली ‘जंगल बुक’ ही मालिका जपानमध्येच तयार झाली होती. तेव्हा आपण रविवारची वाट पाहत असू. आज मुले हवी ती मालिका इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतात. हे योग्य की अयोग्य, याचा विचार करताना ‘शिरोबाको’ ही मालिका मला मोलाची वाटली.

त्सुतोमु मिझुशिमा यांनी दिग्दर्शित केलेली ही चोवीस भागांची मालिका २०१४-१५ मध्ये प्रसारित झाली. ॲनिमे कसा घडतो, हाच तिचा विषय आहे. शिरोबाको म्हणजे पांढरी पेटी. पुऱ्या झालेल्या भागाची फीत पूर्वी अशा पेटीतून निर्मितीतील मंडळींच्या हाती येई, त्यावरून हे नाव. शाळेत एकत्र चित्रपट केलेल्या पाच मैत्रिणी या व्यवसायात पाय रोवू पाहतात. मियामोरी चित्रे गोळा करीत रात्रीबेरात्री मोटार चालवते. चित्रकार एमा वेग आणि सफाई यांच्या कात्रीत सापडते. आवाजाची कलावंत शिझुका जवळजवळ शेवटपर्यंत भूमिकेविना राहते. अखेर तिला मोजकी वाक्ये मिळतात, आणि ती ऐकताना मियामोरीला रडू आवरत नाही. या क्षणी मालिका आपली उंची गाठते.

तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. येथील बहुतेक अडचणी माणसांच्या स्वभावातून उद्भवतात आणि सदिच्छेने सुटतात. व्यवस्थेला जाब क्वचितच विचारला जातो. वास्तवात दूरचित्रवाणी कंपनी, प्रकाशक, खेळणी विकणारे असे अनेकजण एकत्र येऊन भांडवल घालतात. चित्रशाळेला बहुधा ठरलेली रक्कम मिळते. पुढचा नफा भांडवलदारांचा. अनेक चित्रकार तर चित्रामागे मिळणाऱ्या अल्प मोबदल्यावर राबतात.

फुकट पाहणारे नेमके येथेच बोट ठेवतात. आपला पैसा चित्रकाराच्या हाती पडतच नाही, तर द्यावा कशाला? हे अर्धसत्य आहे. मजुराच्या वेतनातला वाटा मुकादमाने मारला, म्हणून ग्राहकाने माल फुकट नेला, तर मजुराचे भले होत नाही. पुढील मालिकेला भांडवल मिळेल की नाही, हे मागील मालिकेच्या मिळकतीवर ठरते, आणि परदेशातील प्रेक्षक हा आज या व्यवसायाचा मोठा आधार आहे.

एके काळी परदेशी रसिकांना दुसरा मार्गच नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तेव्हा हौशी मंडळी स्वतः उपशीर्षके घालून फिती वाटत, आणि आपल्या देशात कोणी रीतसर हक्क घेतले की त्यांतील अनेकजण ते वाटप थांबवीत. ‘क्रंचिरोल’ ही संस्थाही २००६ मध्ये विनापरवाना चित्रणांवरच उभी राहिली आणि २००९ पासून परवान्याच्या मार्गाला लागली. गरज खरी होती. पण जेथे रीतसर वाट खुली झाली, तेथे ती सबब उरली नाही.

म्हणून पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते: मुलांना नुसते दटावू नका. ही मालिका मोल देऊन त्यांच्यासोबत पाहा, आणि शेवटची नामावली सरकू लागली की लगेच उठू नका.