उडणारे बाबासाहेब नकोत

वेरूळचं पाच नंबरचं लेणं बघितलंय का तुम्ही? गर्दी सगळी कैलासापुढं. इकडं कोणी फिरकत नाही. आत लांबच लांब दालन आहे आणि मधोमध दगडात कोरलेले दोन लांब, बुटके ओटे. भिक्खू इथं ओळीनं बसत असतील, शिकत असतील, जेवत असतील. या लेण्याला लोक ‘महारवाडा’ म्हणतात. इंग्रजी अमदानीतल्या पुस्तकांत तर दक्षिणेकडच्या बौद्ध लेण्यांच्या या सगळ्या गटाला ‘ढेडवाडा’ असंच नाव छापलेलं आहे. बुद्धाच्या घराला गावानं काय नाव ठेवलं बघा!

त्या लेण्यात आम्ही वस्तीतली पोरं घेऊन गेलो होतो. वह्या दिल्या, म्हटलं बसा ओट्यावर आणि काढा चित्रं. एका सातवीतल्या पोरानं वही पुढं केली. निळ्या कोटातले बाबासाहेब आभाळात उडतायत. पाठीवर चादरीसारखं निळं कापड फडकतंय, डोळ्यांतनं लाल किरणं निघतायत, आणि खाली एक मिशाळ पाटील उताणा पडलाय. पोरगं म्हणालं, “काका, हे सुपरमॅनला पण हाणतात!” तेवढ्यात शेजारची बारकी पोर म्हणाली, “भीम म्हणजे तो लाडूवाला ना?” तिच्या डोक्यात २००८ पासून टीव्हीवर लाडू खाऊन मारामारी करणारा छोटा भीम.

आम्ही हसलो. पण परतीच्या गाडीत आपल्या कार्यकर्त्यांनी ती वही फिरवली आणि ठरवूनच टाकलं. चौदा एप्रिलला हेच कॉमिक काढायचं. वर्गणी बोलली गेली. लिहायचं माझ्यावर आलं. मी नाही म्हटलं. मग तोंडातोंडी झाली. “तुझी भाषणं ऐकून पोरं झोपतात. त्यांना त्यांच्या भाषेत द्यायला नको?” हा प्रश्न खरा आहे. नुसतं नाही म्हणून भागणार नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी माझं सांगतो. कॉमिक मला परकं नाही. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झाली आणि १९९० ला बंद पडली. मी ती रद्दीच्या दुकानातनं आणून, पानं फाटलेली, कव्हर नसलेली वाचली. वेताळ माझा देव होता. मोठं झाल्यावर कळलं, मी कुणासाठी टाळ्या वाजवत होतो ते. जंगल काळ्या माणसांचं, राज्य गोऱ्या माणसाचं. ती बुटकी जंगलची माणसं त्याला अमर समजतात, भितात, पुजतात. आणि वेताळ होतो कसा? बापाचा मुलगा म्हणून. एकविसावी पिढी! गादी वंशपरंपरेनं, मान जन्मानं, खालच्यांनी फक्त नमस्कार करायचा. ही गोष्ट आपल्याला नवीन आहे का? गावात तीच बघत होतो आणि पैसे देऊन परत तीच वाचत होतो.

सुपरमॅनचं थोडं वेगळं. १९३८ ला क्लीव्हलँडच्या दोन ज्यू पोरांनी तो छापून आणला. युरोपात हिटलर ज्यूंना चिरडत होता. मार खाणाऱ्या जमातीतल्या पोरांना कोणीतरी अजिंक्य हवा होता. म्हणून आपल्या त्या सातवीतल्या पोराची मी चेष्टा करणार नाही. त्याची भूक तीच आहे. पण सुपरमॅनची ताकद कुठली? परग्रहावर जन्मला म्हणून आलेली. ब्लॅक पँथरचंही तेच. तो कॉमिकात आला १९६६ मध्ये, त्याच वर्षी पुढं अमेरिकेत ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली आणि १९७२ मध्ये मुंबईत आपली दलित पँथर. नाव एकच, पण कॉमिकातला पँथर राजाचा मुलगा, स्वतः राजा! आपला पँथर झोपडपट्टीतला होता. सुपरहिरो काळा केला, निळा केला, तरी त्याची ताकद जन्मातनंच येते. आणि जन्मानं ठरणं हेच तर आपल्याला मोडायचं आहे.

कोणी म्हणेल, बौद्धांना तारणहार चालतोच की. परतताना औरंगाबादची लेणी लागतात. तिथं सात नंबरच्या लेण्यात अवलोकितेश्वर कोरलेला आहे. मधे तो उभा, दोन्ही बाजूंना चौकटी. आग, चोर, साखळदंड, बुडतं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. आठ संकटं, आणि मधे हाकेला धावणारा. दीड हजार वर्षांपूर्वीचं हे दगडातलं कॉमिकच! कारागिरीपुढं मी हात जोडतो. पण बाबासाहेबांनी आपल्याला जो बुद्ध दिला तो हा नव्हे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये त्यांनी भेद स्वच्छ केलाय. बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे. तो तुम्हाला उचलून नेत नाही. वाट दाखवतो, चालायचं तुम्ही. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटनासमितीत त्यांनी बजावलं, की राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. ज्या माणसानं हे सांगितलं त्यालाच आपण उडवायचं?

म्हणून पोरांच्या कुठल्याही कॉमिकला मी एकच माप लावतो. त्यातला नायक मोक्षदाता आहे की मार्गदाता?

या मापानं अमर चित्र कथा बघू. १९६७ मध्ये ही मालिका सुरू झाली. बाबासाहेब त्यात आले १९७९ ला, बारा वर्षांनी. देव, राजे, संत सगळे बसून झाल्यावर आम्हाला पंगतीत जागा! तरी कबूल करतो, आमच्यातल्या कितीकांनी रंगीत चित्रात बाबासाहेब पहिल्यांदा तिथंच बघितले. दिलीप कदमांची ती चित्रं आम्ही कापून भिंतीला लावली. पण साचा मालिकेचाच. बत्तीस पानं, एक महापुरुष, अन्याय झाला, तो मोठा झाला, संपलं. आजूबाजूची माणसं गर्दी म्हणून उभी. पोरगं पुस्तक मिटतं तेव्हा त्याला वाटतं, झालं सगळं. आपल्याला करायला काही उरलंच नाही.

२०११ मध्ये नवयाननं ‘भीमायन’ काढलं. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं लेखन, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची चित्रं. हे काम वेगळं आहे. माणसं चौकटीत कोंबलेली नाहीत, सगळं पान मोकळं. विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, भल्या बोलणाऱ्याचा फुगा पाखराच्या आकाराचा. लहान पोराला न सांगता कळतं, की शब्दही डसतो. आणि गोष्ट सुरू होते आजच्या बसस्टॉपवर, आरक्षणावरच्या वादातनं. म्हणजे जात जुन्या काळात गेली असं म्हणायची सोय ठेवलेली नाही. माझी तक्रार एवढीच, की हे आधी इंग्रजीत निघालं. जिच्यासाठी हवं ती वस्ती शेवटच्या रांगेत.

तिसरं उदाहरण लांबचं, पण आपल्या कामाचं. माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी १९५५-५६ मध्ये बसवर बहिष्कार टाकला. त्यावर १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगचं कॉमिक निघालं. सोळा पानं, दहा सेंट किंमत. गंमत शेवटच्या पानांत आहे. तिथं गोष्ट संपते आणि ‘हे तुम्ही कसं कराल’ ते सुरू होतं. मार पडला तर काय करायचं, माणसं कशी जमवायची. ते वाचून पोरं चळवळीत उतरली. त्यातलाच जॉन लुईस, पुढं अमेरिकेच्या काँग्रेसात गेला, आणि म्हातारपणी त्यानं स्वतःच्या लढ्यावर ‘मार्च’ नावाचं तीन भागांचं कॉमिक केलं. मार्गदाता कॉमिक म्हणतात ते हे.

आता विचाराल, तू काय लिहिणार? मी वेरूळच्या वाटेवरचीच गोष्ट लिहीन. बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवलीय, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी टिपणात. साल १९३४. चळवळीतल्या साथींना सहल करायची होती आणि त्यात वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच असं ठरलं होतं. वाटेत दौलताबाद.

पहिली चौकट. धुळीनं माखलेली तीसेक माणसं. वेशीवर आपली माणसं वाट बघतायत, आधी चहा घ्या म्हणतायत. चहा यांना हवाच आहे, पण अंधाराच्या आत किल्ला बघायचाय. म्हणतात, येताना घेऊ.

दुसरी. किल्ल्याच्या दाराशी काठोकाठ भरलेला हौद. भोवती फरशी. काहीजण तोंड, पाय धुतात.

तिसरी. पांढऱ्या दाढीचा म्हातारा मागनं ओरडत येतो, ढेडांनी पाणी बाटवलं! गर्दी जमते.

चौथी. गर्दी वळते दौलताबादच्या आपल्याच माणसांवर. या पाहुण्यांना सांगितलं का नाही म्हणून त्यांना शिव्या. ती बिचारी तेव्हा तिथं नव्हतीसुद्धा.

पाचवी. बाबासाहेब चिडून विचारतात, हाच का तुमचा धर्म? उद्या अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला हे पाणी नाकाराल?

सहावी. फुगा नाही. गर्दी गप्प.

सातवी. पहारेकरी नाव विचारतो. बाबासाहेब कागदावर नाव लिहून देतात.

आठवी. परवानगी मिळाली, पण आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही. मागं बंदूकवाला शिपाई. तीस माणसांपासून पाण्याची राखण!

बघा, इथं बुक्की नाही, किरणं नाहीत. हत्यार एकच, प्रश्न. आणि तो विचारणारा माणूस तोवर दोन परदेशी विद्यापीठांचा डॉक्टर, बॅरिस्टर, गोलमेज परिषदेला जाऊन आलेला, महाडचं तळं गाजवलेला. तरी बंदूक मागं आहेच. शिकलं की जात जाते म्हणणाऱ्यांना ही आठवी चौकट दाखवा. आणखी एक. चौकशी न करता पाणी घेतलं ही आपलीही चूक झाली, असं बाबासाहेब स्वतः लिहितात. कुठला सुपरहिरो चूक कबूल करतो?

एक सावधगिरी. कॉमिकला खलनायक लागतो, आणि आजच्या हवेत त्या दाढीवाल्या म्हाताऱ्याचा राक्षस करून टाकायला वेळ लागणार नाही. ते करू नका. किल्ल्यावरची माणसं मुसलमान होती हे बाबासाहेबांनी लपवलं नाही. पण त्याच टिपणात बडोद्याचे काठ्या घेऊन आलेले पारशी आहेत, काठेवाडातला अस्पृश्याच्या बायकोला हात न लावणारा हिंदू डॉक्टर आहे. या सगळ्यांच्या अंगात शिरलेली जात हा खलनायक. तो काढता आला तर चित्रकार खरा.

ही गोष्ट मी परवा त्या पोराला सांगितली. तो नाराज झाला. “म्हणजे बाबासाहेबांनी त्या लोकांना काहीच केलं नाही?” मी म्हटलं, केलं. सोळा वर्षांनी. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. तिचं पंधरावं कलम काढ. विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरात जातीवरून कोणाला अडवता येणार नाही, असं त्यात लिहिलंय. हौदावरचा प्रश्न देशाच्या कायद्यात जाऊन बसला. पोरगं गप्प झालं. मग म्हणालं, “पण आमच्या मामाच्या गावात अजून...” वाक्य त्यानं पुरं केलं नाही. मला ते पुरं करून हवंय. कॉमिकचं शेवटचं पान त्या वाक्यासाठी.

म्हणून शेवटची दोन पानं अशी. एकावर पंधरावं कलम, सतरावं कलम, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, आणि तक्रार कुठं, कशी द्यायची ते, सातवीच्या पोराला कळेल अशा मराठीत. दुसरं पान कोरं. वर फक्त प्रश्न, तुझ्या गावात आधी पाणी कोण भरतं? चित्र पोरांनी काढायचं. नामांतराचा लढा १९७८ ते १९९४ असा सोळा वर्षं चालला, तो कोणी उडून लढवला नाही. नांदेड जिल्ह्यातले पोचिराम कांबळे मारले गेले, त्यांच्या अंगात कवच नव्हतं. त्या माणसांनाही चौकट मिळाली पाहिजे.

वर्गणी परत करू नका. चित्रं त्याच पोराला काढू द्या, त्याचा हात चांगला आहे. निळा कोट राहू दे. पाय मात्र जमिनीवर हवेत, आणि शेजारी तीस माणसं. लिहून मी देतो.

जयभीम.