लांडग्याचे छायाचित्र : एक परीक्षण

लांडगा म्हटले की बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. पांढरेशुभ्र मैदान, दाट केसांचा करडा लांडगा किंवा त्याचा उत्तर अमेरिकेतील लहान भाऊबंद कायोटी, आणि नाकातोंडातून निघणारी वाफ. दिनदर्शिका, परदेशी नियतकालिके आणि आता मोबाइल यांनी हे चित्र आपल्या मनात पक्के केले आहे. पण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत किंवा श्रीगोंदा तालुक्यातल्या मुलाच्या शेजारी जो लांडगा राहतो, तो या चित्रात नाही. वन्यजीवांचे छायाचित्र वर्गात दाखवायचे, तर ते एक पुरावा म्हणून तपासून घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते. त्या दृष्टीने तीन प्रकारच्या चित्रांचे परीक्षण येथे करीत आहोत.

बर्फातील चित्र

बर्फातील चित्र सुंदर का दिसते? पार्श्वभूमी कोरी असते, प्राणी गडद असतो, त्यामुळे एकेक केस उठून दिसतो. मात्र हा शुभ्रपणा आपोआप येत नाही. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे गृहीत धरतो. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परावर्तित करतो. मापकावर विसंबले तर बर्फ मळकट करडा येतो. म्हणून जाणकार छायाचित्रकार मुद्दाम दुप्पट ते चौपट प्रकाश आत घेतो. म्हणजे अगदी प्रामाणिक चित्रातही माणसाचा निर्णय असतोच. त्यात गैर काही नाही.

अशा चित्रात शिकण्याजोगेही पुष्कळ असते. प्राण्याच्या पाठीवर न वितळलेला बर्फ दिसला, तर शरीराची उष्णता केसांच्या थरातून फारशी बाहेर पडत नाही, हे कळते. कायोटी मान वाकडी करून, कान टवकारून उभा असेल, तर तो बर्फाखालच्या उंदरांची चाहूल घेत असण्याची शक्यता मोठी. ज्या चित्रातून असे काही वाचता येते ते चांगले. ज्यातून केवळ 'किती देखणा!' एवढेच निघते, ते दिनदर्शिकेपुरते ठीक.

गोष्टीतला लांडगा

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या सहकार्याने भरणाऱ्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली स्पेनच्या होसे लुईस रॉद्रिगेस यांच्या चित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. रात्रीच्या अंधारात एक लांडगा लाकडी फाटकावरून झेप घेत आहे, असे ते दृश्य होते. रचना, प्रकाश, क्षण, सर्व बिनचूक. पुढे काही जणांना हा लांडगा ओळखीचा वाटला. परीक्षकांनी तज्ज्ञांचे मत घेतले आणि तो बहुधा माद्रिदजवळच्या एका प्राणिउद्यानातील माणसाळलेला लांडगा असावा, असा निष्कर्ष काढला. स्पर्धेच्या नियमांत असे प्राणी वापरण्यास बंदी होती. जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला.

या प्रकरणातला आमच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. त्या चित्रातील प्रत्येक प्रकाशकण खराच होता. शंका होती ती चित्राखालच्या मजकुराविषयी, 'हा रानटी लांडगा आहे' या विधानाविषयी. ते विधान चित्र स्वतः सिद्ध करू शकत नाही. नमुना कोठून व कसा घेतला याची नोंद नसेल, तर प्रयोगशाळेतील निष्कर्षाला जशी किंमत नसते, तसेच येथेही आहे.

माळावरचे चित्र

आपला भारतीय लांडगा उत्तरेकडच्या लांडग्यापेक्षा अंगाने लहान, केसांनी विरळ आणि रंगाने वाळल्या गवतासारखा. देशात त्यांची संख्या सुमारे तीन हजार असावी, असा अंदाज आहे. म्हणजे वाघांपेक्षाही कमी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. गेल्या काही वर्षांत पुणे, सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळरानांवर त्याची छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर काढली जात आहेत. सरकारी भाषेत ज्याला 'पडीक जमीन' म्हणतात, त्या माळावर एवढा मोठा शिकारी प्राणी जगतो, हे या चित्रांमुळे शहरी वाचकांना कळले. हे श्रेय छायाचित्रकारांना दिलेच पाहिजे.

परंतु यातील बहुसंख्य चित्रांत एक सारखेपणा आहे. सोनेरी गवत, तिरपे ऊन आणि एकटा लांडगा. विजेचा खांब, ज्वारीचे रान, धनगरांचा वाडा, मेंढरे हे सारे चौकटीबाहेर काढलेले असते. बर्फाचा शुभ्रपणा गेला, गवताचा सोनेरीपणा आला. चित्र मात्र तेच राहिले. वस्तुस्थिती काय आहे? कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली झाले. त्याचे क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर. लांडग्यांच्या एका कळपाचा वावर शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही मोठ्या प्रदेशात असू शकतो. म्हणजे लांडग्याचे बहुतेक आयुष्य अभयारण्याबाहेर, शेतांच्या बांधांवर आणि मेंढरांच्या आसपास जाते. मेंढरे वगळलेले चित्र त्याच्या आहारातला मोठा भाग वगळते आणि नुकसान सोसणारा मेंढपाळही वगळते.

याउलट मेंढरे दाखवणारे चित्रही फसवू शकते. लांडगा कॅमेऱ्यापासून २० मीटरवर आणि मेंढी त्याच्या मागे ६० मीटरवर आहे असे समजू. मेंढीचे अंतर ८० मीटर, म्हणजे लांडग्याच्या चौपट. ती चित्रात खऱ्या प्रमाणाच्या एकचतुर्थांश दिसेल. आता लांडग्यापासून २०० मीटर दूर जाऊन लांब पल्ल्याच्या भिंगाने तेच दृश्य टिपू. अंतरे २०० व २६० मीटर होतात, गुणोत्तर केवळ १.३. मेंढी जेमतेम पाऊणपट दिसते आणि लांडगा जणू तिच्या अंगावरच आहे असे वाटते. असे एक चित्र गावागावांत फिरले, तर त्याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको. उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात २०२४ मध्ये लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली. भीती निराधार आहे असे कोणी म्हणू नये. म्हणूनच चित्र खरे असण्याची जबाबदारी वाढते.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. हिवाळ्यात माद्या बिळांत पिलांना जन्म देतात. पिलांच्या चित्रासाठी बिळाभोवती गाड्या उभ्या राहिल्या, की आई पिले तोंडात धरून दुसरीकडे हलवते. त्या धावपळीत पिले गमावली, तर चित्राने आपला विषयच संपवला असे होईल. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडग्यापासून किमान ९१ मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. आपल्या माळावर कुंपण नाही, पहारेकरी नाही. तेथे हा नियम छायाचित्रकारानेच स्वतःला घालून घ्यावा लागेल. बिळाचे चित्र ठिकाणासह प्रसिद्ध करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वर्गासाठी

शिक्षकांनी कोणतेही वन्यजीव छायाचित्र घेऊन विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न विचारावेत. हे कोठे, कधी व किती अंतरावरून काढले? प्राणी मुक्त होता की पाळलेला, हे कशावरून समजावे? चौकटीबाहेर काय असावे? चित्र काढल्याने प्राण्याच्या वागण्यात फरक पडला का? वरील अंतराचा प्रयोग मैदानावर दोन विद्यार्थी उभे करून साध्या मोबाइलनेही करता येतो. मात्र दूरचे चित्र नंतर मोठे करून पाहावे. भिंग प्रमाण बदलत नाही, अंतर बदलते, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

माळाशेजारच्या शाळांना तर एक जादा सोय आहे. मेंढपाळाला वर्गात बोलवावे आणि लांडग्याचे चित्र त्याच्या हाती द्यावे. त्यात काय बरोबर आहे आणि काय राहून गेले आहे, हे तो आमच्यापेक्षा नेमके सांगेल.