आठ सोनेरी पट्ट्या

अमेरिकेतल्या डिझाइन पेटंटात दावा एकाच वाक्याचा असतो: अमुक वस्तूचं शोभादायक डिझाइन, दाखवल्याप्रमाणे. पुढचं सगळं चित्रांवर सोपवलेलं. सलग रेषेत काढलेलं ते हक्काचं. तुटक रेषेतलं फक्त संदर्भापुरतं, त्यावर मालकी नाही. म्हणून असं चित्र वाचताना माझी नजर आधी सलग रेषा कुठे संपते ते शोधते. शोभा कुठपर्यंत आहे, हे तिथे ठरलेलं असतं.

कनेक्टरच्या बाबतीत हे ठरवणं अवघड. निव्वळ कामामुळे आलेला आकार शोभा म्हणून चालत नाही, असा नियम आहे. १९९६ साली बेस्ट लॉक विरुद्ध इल्को या खटल्यात किल्लीच्या पात्याचं डिझाइन पेटंट याच कारणाने रद्द झालं: पात्याचा आकार कुलपाच्या खाचेनेच ठरवला होता. चार्जरची पिनही सॉकेटच्या मापानेच घडते. मग तिच्यात शोभा म्हणावं असं उरतं काय?

ॲपलची लायटनिंग पिन हातात घ्या. २०१२ साली आयफोन ५ बरोबर ती आली. जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची चपटी जीभ, टोकाचे कोपरे गोलावलेले, दोन्ही कडांना एकेक इवलीशी खाच. धातूच्या चौकटीत आठ सोनेरी पट्ट्या ओळीने बसवलेल्या. पट्ट्यांचेही कोपरे गोल. मोठा आकार आणि लहान आकार एकाच वळणाचे, त्यामुळे नजर कुठे अडखळत नाही. कडेच्या खाचांत सॉकेटमधल्या स्प्रिंगा अडकतात आणि बोटांना तो हलका ‘टक्’ जाणवतो. खाच कामाची खरीच. पण दोन्ही बाजूंना समोरासमोर आल्यामुळे सपाट जिभेला तिथे जणू कंबर येते.

पिन उलटी केली की तशाच आठ पट्ट्या. सॉकेटमधले संपर्क मात्र एकाच बाजूला असतात. म्हणजे आठ पट्ट्या वीज आणि माहिती वाहत असताना पाठीमागच्या आठ कशालाच टेकलेल्या नसतात. कोणती बाजू वर आली ते ओळखून जुळवून घेण्याचं काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. ही दुहेरी ओळ मला या डिझाइनचा गाभा वाटते. कशीही लावा, हे आश्वासन तिने डोळ्यांना आधीच देऊन ठेवलेलं असतं.

याच्या आधीच्या तीस पिनांच्या रुंद कनेक्टरवर वरची बाजू कळावी म्हणून चिन्ह छापलेलं असे. यूएसबीच्या चौकोनी पिनेवरचं त्रिशूळही त्याच कामाला येतं. ती पिन दोन्हीकडून लागेल अशी केली असती तर तारा आणि खर्च दोन्ही वाढले असते, असं तिच्या घडणीत मोठा वाटा असलेले अजय भट्ट यांनी सांगितलं आहे. ते पटतं, खर्च राखला म्हणूनच ती घरोघरी पोचली. लायटनिंगवर असं चिन्हच नाही. सूचना छापायची गरज आकारानेच संपवली, आणि मोकळ्या राहिलेल्या त्या जागेला मी नि:शंकपणे शोभा म्हणेन.

वापराने या पिनेवर खुणा उमटतात. वीज वाहणारी एखादी पट्टी काळवंडते, सोन्याचा मुलामा झिजतो. सगळं उघड्यावर असल्यामुळे झीजही दिसते, आणि मला तो या रचनेचा प्रामाणिकपणा वाटतो.

युरोपीय संघाने सर्वांसाठी एकच चार्जिंग पोर्ट ठरवला आणि २०२३ साली आयफोन १५ मध्ये यूएसबी-सी आला. तीही पिन कशीही लागते, वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनांना एकच वायर पुरते, आणि हा फायदा मोठा आहे. पण तिचे संपर्क धातूच्या लंबगोल कवचाच्या आत, दोन्ही बाजूंना दडलेले. मधली जीभ फोनच्या सॉकेटमध्ये गेली. तिच्या चित्रात ठळक रेषेने काढायला बाहेरचं कवच तेवढं दिसतं, आणि त्या कवचाच्या वळणापलीकडे रेंगाळावं असं मला तिथे काही सापडत नाही.